बारा बायका, नव्वद दिवस

२७ जानेवारी, सोमवार

इंद्रजीत सरांनी आज माझ्या पत्रकातली सहावी सूचना खोडली.

पत्रकाला मी नाव दिलं होतं, 'नैसर्गिक आहे, तरीही जपून'. आमच्या कंपनीच्या गुडघेदुखीवरच्या गोळीत हळदीचा अर्क आहे आणि मिरीचा अर्क आहे. भाजीत आपण चिमूटभर हळद घालतो, त्याच्या कितीतरी पट ती एका गोळीत असते आणि मिरीमुळे अंगात शोषलीही जास्त जाते. म्हणून दिवसाला एकच, जेवल्यावर. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑपरेशनच्या आधी बंद. आणि सहावी सूचना: डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, खाज सुटली, अन्नावरची वासना गेली, तर गोळी त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करा.

सर म्हणाले, "मॅडम, हळदीच्या बाटलीवर 'पिवळं दिसल्यास घाबरा' असं लिहायचं? मग हळद लागलेल्या नवरीला बोहल्यावरून उचलून दवाखान्यात न्यायची का?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. का हसले कळत नाही.

त्यांनी त्याजागी लिहिलं, 'हळदीमुळे लघवीच्या रंगात किंचित फरक पडू शकतो, ते नैसर्गिक आहे.' मी म्हटलं, सर, हे असं सरसकट सांगता येत नाही. ते म्हणाले, "तुम्ही बीएस्सी ना? मला वाटलं एमडी." शेवटी खाजेची ओळ मी राखून घेतली. सहापैकी साडेपाच सूचना टिकल्या. वारज्याहून बसने येताना वाटलं, हेही कमी नाही. या गोळ्या सगळेच विकतात, पण त्या कशा घ्यायच्या हे कोणीच सांगत नाही. मी ते काम करते आहे.

३० जानेवारी

सरांपुढे माझी कल्पना मांडली. माणसं या गोळ्या प्रत्यक्षात कशा घेतात ते आपल्याला माहीत नाही, तर बारा बायका निवडायच्या, नव्वद दिवस गोळ्या द्यायच्या, दर रविवारी त्रासाविषयी विचारून वहीत नोंद करायची.

"बायका कुठून आणणार?"

"आई धायरीला डंकावर काम करते सर. मिरची-मसाला कुटून देतात तिथे. सगळ्यांचे गुडघे दुखतात."

सरांनी मोबाइलवर काहीतरी बघितलं. मग म्हणाले, "बाटल्या देतो. फुकट मिळालं की लोक विकून खातात, म्हणून महिना संपला की रिकामी बाटली परत हवी. बाराच्या बारा. एक कमी आली तर वही बंद आणि तुमचं प्रोबेशनही."

वही पूर्ण झाली तर कायम करतील, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं. तिला प्रोबेशन म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं. ती म्हणाली, "म्हंजे अजून तू पक्की न्हाईस व्हय तिथं?" चार महिने ती सगळ्या गल्लीला माझ्या नोकरीचं सांगत होती.

२ फेब्रुवारी, रविवार

वाटप झालं. डंकावर कांडप थांबवून बायका पोत्यांवर बसल्या. मालक जयसिंग शेठ दारातून ओरडले, "धाच मिन्टं हं! गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी पत्रक वाचून दाखवलं. बारापैकी दोघींना वाचता येतं, त्यामुळे सगळं दोनदा वाचलं. कुसुम मावशी म्हणाल्या, "गोळीनं गुडघा सरळ व्हईल गं, नवऱ्याला सरळ करायची हाय का एखादी?" एवढा हशा झाला की खाजेची ओळ मला तिसऱ्यांदा वाचावी लागली.

"आन् ह्यो कागद माझ्या लेकीनं, भाग्यानं लिवलाय," आई सगळ्यांना सांगत होती. कागद तिने हातात धरला तर चारही कोपऱ्यांवर तिची बोटं पिवळी उमटली. चौदा वर्षं ती तिथे हळद आणि मिरची कुटते आहे. तळवे, नखं, कानामागची घडी, मानेवरच्या सुरकुत्या, सगळं कायमचं पिवळं. मिरचीने डोळे चुरचुरतात म्हणून बोलतानाही ती अर्धे मिटून घेते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोघींना जळजळ, तिघींना कडू ढेकर. कुसुम मावशी म्हणाल्या, "तोंडाची पार चव गेली बघ." खरं ते लिहिलं. त्रास होणाऱ्यांना गोळी बंद करायला सांगितलं तर बाटली परत कशी येणार, हा प्रश्न पडला. म्हटलं, भरपेट जेवून घेऊन बघा.

१७ फेब्रुवारी

सरांना नोंदी दाखवल्या.

"पंधरा दिवसांत पाच. नव्वद दिवसांत किती? गणित होतं ना बीएस्सीला?"

"सर, पण हे कळावं म्हणूनच तर..."

"तुम्ही आमच्याकडे नोकरी करता की आमच्यावर पाळत ठेवता, एकदा ठरवा. म्हणजे आम्हालाही ठरवता येईल."

घरी येऊन रडले. आईला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "रविवारी तू निस्तं इचारायला येत जा. बाटल्यांचं मी बघते. तुला कशाला हेलपाटा?"

बरं वाटलं. तिला माझ्या कामातलं काही कळत नाही असं मला वाटायचं, पण तिला हे काम स्वतःचं वाटू लागलं आहे.

४ मार्च, मंगळवार

बाराच्या बारा बाटल्या रिकाम्या! आईने काल पिशवीत भरून आणल्या, आतून पुसलेल्यासुद्धा. नंतरच्या दोन्ही रविवारी त्रासाचा प्रश्न विचारला तर सगळ्यांनी एका सुरात "न्हाई" म्हटलं. कुसुम मावशींना मी परत विचारलं, ढेकर? त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कसला ढेकर? एकदम ग्वाड लागतंय बाई आता."

जेवल्यावरच घ्यायची, हे नीट समजावल्याचा परिणाम असावा. साध्या माणसांना विश्वासात घेऊन सांगितलं तर ती शिकलेल्यांपेक्षा चोख पाळतात. हे मला कधीतरी लिहायचं आहे.

सर म्हणाले, "बाराच्या बारा? डंक आहे की लष्कराची एनडीए?" पण खूश होते.

१९ मार्च

आईचे गुडघे दुखायचे खरंच राहिले. पप्पा सिंहगड रोडच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत, तिथे त्यांचा डबा घेऊन ती चालत गेली आणि चालत आली. वहीत लिहिलं.

३० मार्च, पाडवा

पप्पांनी श्रीखंड आणलं होतं, आईने बोटभरही घेतलं नाही. पुऱ्या तळायला मलाच बसवलं, तेलाच्या वासाने मळमळतं म्हणाली. ऊन फार आहे यंदा.

दुपारी ती दाराच्या चौकटीला पाठ घासत होती. मी वहीतला प्रश्न विचारावा तसा विचारला, खाज येते का? ती म्हणाली, "मिरची हाय ती. चौदा वर्षं खाजवतीय, आज तुला दिसली व्हय?"

ते खरंच आहे. आधी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं, मग खोडून 'नाही' लिहिलं.

४ एप्रिल

दुसऱ्या महिन्याच्या बाटल्याही बारा. तिसऱ्या महिन्याच्या वाटायला आईच घेऊन गेली.

९ एप्रिल

आई दुपारीच घरी आली आणि निजली. चौदा वर्षांत असं कधी झालेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, आपण तुझी गोळी चार दिवस थांबवू.

"मग वहीत काय लिवशील?"

"तुझी ओळ अर्धी राहील."

"मग नको. तीन आठवडं तर राहिलं."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. उलट मीच म्हटलं, "आई, निदान डंकावर बायकांसमोर अशी झोपू नकोस. त्यांना वाटेल गोळीनेच झालं." ती म्हणाली, "येडी हाय का मी?"

११ एप्रिल

मोरीत गडद पिवळं, जवळजवळ चहाच्या रंगाचं पाहिलं. आईला विचारलं तर हसली. "तुझ्याच कागदात हाय की, रंग पडतो म्हणून. तूच दोनदा वाचलंस."

ती ओळ मी लिहिली नव्हती, सरांनी लिहिली होती. वाचली मात्र मीच.

उद्या रक्त तपासून घेऊ म्हटलं. ती म्हणाली, हंगाम संपू दे, आत्ता खाडा केला तर जयसिंग शेठ दुसरी बाई बघंल.

१५ एप्रिल

सरांनी नव्या डबीचं चित्र दाखवलं. वर ठळक, 'बारा महिला, नव्वद दिवस, त्रास शून्य.' मी म्हटलं, अजून पंधरा दिवस आहेत. "छपाईला वेळ लागतो, मॅडम. तेवढ्यात तुमच्या बायका काय शिंगं काढणार आहेत?"

पत्रक मात्र माझंच छापणार आहेत, डबीच्या आत घडी करून. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी आईने चहात मीठ टाकलं. मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मग डंकावर जाते म्हणून निघाली आणि उंबऱ्यातच बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"हे किती दिवसांपासून आहे?"

पप्पा म्हणाले, "सायेब, हळदीचं काम हाय तिचं. ती पिवळीच असती."

"हळद डोळ्यात आतून लागत नाही, काका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही औषधं? काढा, चूर्ण, झाडपाला?"

"औषध काही न्हाई," पप्पाच बोलले. "लेकीच्या कंपनीची हळदीची गोळी तेवढी. ती काय, घरगुतीच."

मी म्हटलं, "दिवसाला एक. जेवल्यानंतर."

"नक्की एकच?"

"नक्की. माझ्याकडे नोंद आहे." मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन पानं पाहिली. एका गोळीनेही क्वचित होतं म्हणाले, पण यकृत इतकं गेलेलं दिसतं, म्हणून ते दुसरी कारणं शोधणार आहेत. दिवसभर तेच शोधत होते.

२२ एप्रिल

कुसुम मावशी डबा घेऊन आल्या. आईला पाहून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"पोरी, त्या गोळ्यांनी तर न्हाई ना झालं?"

"मावशी, तुम्हीही घेता ना? तुम्हाला काही झालंय का?"

"मी कुठं घेती? मी तवाच सोडल्या. जळजळ व्हायची."

"मग बाटल्या?"

"तुझी आई, मथुरा म्हणली, टाकू नका, माझ्याकडं द्या. सगळ्यांच्याच नेती ती. मी म्हणलं, मथुरे, गटारीत ओत की, कोण बघतंय? तर म्हणती कशी, वहीत खाल्ल्या म्हणून लिवलंय. कुणाच्या तरी पोटात गेल्या पायजेत. न्हाईतर पोरीची वही खोटी पडंल."

मी तिथल्या तिथे त्यांना बसवून एकेकीचं विचारलं. मग डंकावर फोन करून बाकीच्यांना विचारलं. पहिल्या महिन्यातच पाच जणींनी सोडल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात आणखी चौघींनी. उरलेल्या दोघी आठवण झाली तर घ्यायच्या. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून आईच्या पोटात रोज सहा-सात जात होत्या, मार्चमध्ये त्याहून जास्त, आणि या महिन्यात दहा, कधी अकरा.

डॉक्टरांना जाऊन आकडा सांगितला. त्यांनी कालच्या कागदावरचा 'एक' खोडून 'दहा' लिहिलं.

"आधी बंद केलं असतं तर..." ते म्हणाले, आणि नर्सला हाक मारून निघून गेले.

२३ एप्रिल

आई थोडी शुद्धीवर होती. मी म्हटलं, का गं असं केलंस? तिने मला ओळखलं की नाही कळलं नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही हाफिसातनं आला का? माझ्या पोरीचं समदं बरोबर हाय."

माझ्या यकृताचा तुकडा घ्या असं डॉक्टरांना सांगितलं. तपासण्या लावल्या आहेत.

२५ एप्रिल

सकाळी सव्वासातला आई गेली. माझ्या तपासण्यांचे कागद नऊ वाजता आले. जुळत होतं.

२६ एप्रिल

सवाष्ण गेली म्हणून काल बायकांनी तिला हळद-कुंकू लावलं. कुसुम मावशींनी गालांना हळद चोळली. कुठली लावलेली आणि कुठली आतली, काही कळत नव्हतं. एक शेजारीण म्हणाली, "काय तेज आलंय बघा तोंडावर."

७ मे

दोन्ही वह्या घेऊन ऑफिसात गेले. जुनी, आणि कुसुम मावशींसह अकराही जणींना विचारून केलेली नवी.

सर उभे राहिले. वाईट झालं म्हणाले. पाणी मागवलं. मग नवी वही चाळली.

"तुमच्या आईंनी दिवसाला दहा-दहा खाल्ल्या. पत्रकात एक लिहिलंय. पत्रक तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग आमचं काय चुकलं ते सांगा."

"डबीवर बारा महिला, त्रास शून्य लिहिलंय. अकरा जणींनी पूर्ण घेतल्याच नाहीत आणि बारावी..."

"हे बघा मॅडम. जुनी वही तुमच्या हस्ताक्षरात, नवीही तुमच्याच. जुनी खरी असेल तर डबीवरचं बरोबर आहे. खोटी असेल तर कंपनीला खोटी कागदपत्रं तुम्ही दिलीत, आणि तीही आईला खोटारडी ठरवून. तुम्हाला कुठली हवी?"

त्यांनी टेबलावर एक पाकीट सरकवलं. मला कायम केल्याचं पत्र होतं. पद, 'सुरक्षित वापर प्रमुख'.

"आत राहून सुधारता येतं," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. हे वाक्य माझंच आहे. मुलाखतीत मीच म्हटलं होतं.

पत्र घेतलं नाही. जिना उतरताना दोन वेळा थांबले. परत जावं असं दोन्ही वेळा वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

१६ मे

सरकारी कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या बाईंनी वह्या समोरासमोर ठेवल्या. डंकावरच्या कोणी सही देईल का विचारलं. मी काल विचारून आले होते. जयसिंग शेठनी बायकांना सांगितलंय, कागदावर अंगठा दिला तर उद्यापासून कामाला येऊ नका. कुसुम मावशी रडल्या, पण नाही म्हणाल्या.

"मग पुरावा काय?" बाईंनी विचारलं. "शवविच्छेदन?"

केलं नव्हतं. पप्पांनी नको म्हटलं होतं, आणि मीही.

"गोळीचे नमुने घेऊ," त्या म्हणाल्या. "गोळीत जे लिहिलंय तेच निघालं तर काही करता येत नाही." तेच निघणार. गोळीत भेसळ नाही, ते मला ठाऊक आहे.

१२ जून

पप्पांची रक्तदाबाची गोळी आणायला अनंत मेडिकलला गेले होते. काउंटरवर नवी डबी रचून ठेवली होती. माझ्या पुढे एक मुलगी होती, माझ्याच वयाची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. आईला गुडघ्यांसाठी हवं म्हणत होती. दुकानदाराने डबी पुढे केली. ती नीट वाचणारी होती, मागची बाजूही वाचली.

मी म्हटलं, "हे असंच घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही." मग मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "या बारा बायका आहेत ना, त्यातली एक माझी आई होती."

तिचा चेहरा एकदम खुलला. "अय्या, खरंच? मग सांगा ना, गुडघे दुखायचे राहिले का हो त्यांचे?"

राहिले होते. मी "हो" म्हटलं. पुढचं वाक्य तोंडात येईपर्यंत तिने डबी पर्समध्ये टाकली, "थँक यू ताई" म्हणाली आणि बाहेर जाऊन स्कूटी चालू केली.